भरवशाच्या म्हशीचे गुणपत्रक

मराठी भाषेत भरवशाचा विषय निघाला की सर्वांत आधी डोळ्यांपुढे येते ती म्हैस. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला, ही गोष्ट आपण पिढ्यानपिढ्या अशा काही सुरात सांगत आलो आहोत, की जणू त्या बिचारीने स्टॅम्पपेपरवर पारडीचे लिहून दिले होते! वास्तविक म्हशीने कोणाला शब्द दिला नव्हता. पारडी की टोणगा, हे प्रकरण नाणेफेकीसारखे. आधीच्या दोन वेतांना पारड्या झाल्या, म्हणून मालकाने परस्पर ठरवून टाकले, की ही म्हैस भरवशाची. म्हणजे पाहा, भरवसा मालकाचा, टोणगा म्हशीचा आणि बदनामी तेवढी तिच्या सात पिढ्यांची!

खेड्यात म्हशीचा जसा लौकिक असतो, तसा शहरात मोटारगाडीचा असतो. फरक इतकाच, की म्हशीचा लौकिक पारावर ठरतो आणि गाडीचा 'सर्व्हे'मध्ये. हजारो मालकांना विचारायचे, 'तुमची गाडी कशी आहे? किती वेळा बिघडली?' मग उत्तरांची बेरीज करायची, भागाकार करायचा आणि दहावीच्या मुलांसारखे कंपन्यांना ओळीने नंबर द्यायचे. पहिल्या आलेल्या कंपनीने जाहिरात करायची आणि शेवटच्या आलेल्या कंपनीने 'सर्व्हे सदोष आहे' म्हणायचे.

या गुणपत्रकावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न मला पडायचे खरे म्हणजे काही कारण नव्हते. मी डोंबिवलीचा. डोंबिवलीकराच्या आयुष्यात भरवशाचे वाहन एकच, सकाळची फास्ट लोकल. तिच्यावरही भरवसा एवढाच, की ती येईल. आपण तिच्यात चढू, असा भरवसा कोणी दिलेला नाही.

परंतु गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता आमच्या अण्णांच्या छातीत दुखू लागले. अण्णा म्हणजे माझे वडील; वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. बाहेर पाऊस कोसळत होता. नाक्यावर रिक्षा नव्हती. मोबाईलवरून बोलावलेली टॅक्सी 'सात मिनिटांत येते' असे अर्धा तास सांगत राहिली. शेवटी तळमजल्यावरच्या काकांनी लेंग्यावरच आपली गाडी काढली आणि आम्हाला दवाखान्यात पोचवले. तिथे सगळ्या तपासण्या होऊन निष्पन्न झाले ते पित्त. संध्याकाळच्या साबुदाणा वड्यांनी डाव साधला होता. पहाटे घरी आल्यावर मी हसून सुटकेचा नि:श्वास सोडला, तशी सौ. म्हणाली, "अहो, या वेळी पित्त होतं. दर वेळी पित्तच असेल असं नाही."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. गाडी घ्यायची ठरले. सौ.ची अट एकच होती. रंग कोणताही चालेल, आकार कसाही चालेल, पण रात्री दोन वाजता पहिल्या फटक्यात सुरू झाली पाहिजे. बँक आम्हा कर्मचाऱ्यांना सवलतीच्या व्याजाने कर्ज देते हे खरे, पण हप्ते फेडता फेडता माझे निवृत्तीचे वय दिसू लागणार होते. म्हणजे जन्मात गाडी घ्यायची ती एकच. भरवशाची म्हैस ओळखून दाखवण्याची जबाबदारी आता माझ्यावर आली होती.

ही बातमी सासरी पोचायला एक रात्र पुरली. दुसऱ्याच दिवशी ठाण्याहून माझा मेव्हणा हजर झाला. तो घोडबंदर रोडला राहतो आणि कागदाशिवाय त्याचे पान हलत नाही. त्याने हातभर तक्ते छापून आणले होते. "भावोजी," तो म्हणाला, "आता ऐकीव माहितीचे दिवस गेले. हा डेटा आहे, डेटा!"

मी बी.कॉम. आहे. स्टॅटिस्टिक्सच्या पेपराला मला त्रेसष्ट मार्क होते. तेव्हा मीही चष्मा पुसून बसलो. त्या तक्त्यांची भाषा अशी: अमुक कंपनी, शंभर गाड्यांमागे समजा दीडशे तक्रारी. म्हणजे गाडीमागे दीड. अर्धी तक्रार कशी करतात, असे मी विचारले. मेव्हणा म्हणाला, "ती सरासरी आहे भावोजी." आता बँकेतल्या माणसाला सरासरी शिकवू नये. आमच्या शाखेतल्या बचत खात्यांची सरासरी शिल्लक समजा लाखभर रुपये निघाली, म्हणून मी लाखाचा चेक फाडला, तर तो वटणार आहे का? सरासरी शाखेची असते, शिल्लक ज्याची त्याची असते. पहिल्या नंबरच्या कंपनीची एखादी गाडीही रात्री दोन वाजता रुसून बसू शकते आणि शेवटच्या नंबरची एखादी वीस वर्षे मुकाट धावते.

पण मेव्हण्याचा सगळाच माल टाकाऊ होता असे मी म्हणणार नाही. हे शास्त्र नावारूपाला आले त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. १९६८ साली कॅलिफोर्नियात जे. डी. पॉवर नावाच्या गृहस्थांनी ग्राहकांची मते गोळा करण्याचा धंदा काढला; कचेरी म्हणजे घरातले टेबल. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनाच्या गाड्या घेतलेल्या लोकांकडे प्रश्नावल्या पाठवल्या. परत आलेले कागद त्यांच्या पत्नी ज्यूलीबाई टेबलावर मांडून मोजत बसल्या असता त्यांच्या लक्षात आले, की तीस ते पन्नास हजार मैल धावलेल्या बऱ्याच गाड्यांच्या इंजिनातली एक ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारे एक छोटेसे कडे, निकामी होते आहे. ही बातमी वर्तमानपत्रात आली आणि पॉवर कंपनीचे नाव झाले.

"बघा!" सौ. म्हणाली, "शेवटी बाईच्याच लक्षात आलं."

मी ते विनातक्रार मान्य केले. कारण ज्यूलीबाईंना सापडलेला दोष एकच होता, सगळ्यांचा सारखा होता आणि ठराविक मैलांनंतर येत होता. शंभर माणसे जेव्हा एकमेकांना न विचारता एकाच जागी बोट ठेवतात, तेव्हा तिथे काहीतरी दुखत असतेच. सर्व्हेची खरी ताकद ही. पुढे पॉवर कंपनीने भारतातही १९९७ पासून बरीच वर्षे अशा पाहण्या केल्या. पण ओ-रिंग शोधणे वेगळे आणि सबंध गाडीला 'भरवशाची' असा दाखला देणे वेगळे.

मेव्हण्याचा दुसरा आधारस्तंभ अमेरिकेतला 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'. ही संस्था १९३६ ची. ती जाहिराती घेत नाही आणि तपासायची गाडी स्वतःच्या पैशाने बाजारातून विकत आणते. तिच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण गाड्यांच्या भरवशाबद्दल ती विचारते कोणाला? आपल्याच सभासदांना. आणि सभासद कोण? जो गाडी घेण्याआधी तिचे मासिक वाचतो, मासिकाने चांगली म्हटलेली गाडी आणतो, वेळेवर तेल बदलतो आणि पावत्या फाईलला लावतो. मग मासिक त्यालाच विचारते, 'काय, गाडी बरी आहे ना?' लग्न जुळवणाऱ्या मावशींनीच सहा महिन्यांनी येऊन 'काय गं, सुखात आहेस ना?' असे विचारावे, त्यातला हा प्रकार. सगळेच खोटे बोलतात असे नाही. पण मावशींना तोंडावर 'नाही' म्हणणे जरा जड जातेच.

विचारायचे कोणाला, यावर सगळा खेळ असतो. याच १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षाच्या निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस-चोवीस लाख परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने जाहीर केले, की लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. झाले होते असे, की पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या नोंदवहीतून! मंदीच्या त्या दिवसांत ज्याच्या दारी गाडी आणि घरी फोन, त्याचे मत म्हणजे देशाचे मत नव्हे. शिवाय ज्यांना पत्रिका मिळाल्या, त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी उत्तरच दिले नाही. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. मोटारमालकांवर विसंबून राहिल्याने बुडालेली अशी संस्था आमच्या कर्जखात्यालाही चांगली ठाऊक आहे.

उत्तर कोण देतो आणि कोण देत नाही, हे आमच्या शाखेतल्या तक्रारपेटीकडे पाहून कळते. तिच्यात चिठ्ठी टाकणारे दोनच प्रकारचे. ज्यांना संताप अनावर झाला ते आणि ज्यांना वेळ अनावर झाला ते. ज्याचे काम पाच मिनिटांत झाले, तो चिठ्ठी लिहीत बसत नाही, लोकल पकडायला पळतो. नुसती ती पेटी उघडून आमची परीक्षा केली, तर आमची शाखा राष्ट्रीयीकरणापासून बंदच आहे, असा कोणाचाही समज होईल.

बरे, तक्रार म्हणजे तरी काय? पॉवर कंपनीच्या हिशेबात गिअरबॉक्स निकामी झाला तर एक तक्रार, आणि मोबाईल गाडीच्या पडद्याशी जुळला नाही तरी एकच. 'हे बटण कसे वापरायचे ते कळत नाही', हीसुद्धा तक्रारच. म्हणजे न कळणारा मालक आणि न चालणारे यंत्र यांना एकच भाव! आमच्याकडे पाच रुपयांचा फरक आणि पाच लाखांचा फरक दोन्ही 'नग एक' म्हणून लिहिले, तर दुसऱ्या दिवशी ऑडिटर वस्तीला येतील. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' बरीच वर्षे विचारत असे, की गेल्या बारा महिन्यांत तुम्हाला गंभीर वाटणारा काही बिघाड झाला का? आता गंभीर कशाला म्हणायचे, हे ठरवणार मालक. आणि मालकांचे नमुने तुम्हाला ठाऊक आहेतच.

कल्याणला माझे एक मामा होते. त्यांच्याकडे तिसऱ्या हातातून आलेली एक गाडी होती. कंपनीचे नाव सांगत नाही. गाडी आता हयात नाही आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. सुट्टीत आम्ही भाचरे मामांकडे जात असू ते आंबे खायला, आणि त्याची परतफेड म्हणून पत्री पुलाच्या चढावर गाडी ढकलत असू. मामा आत बसून 'अजून जरा, अजून जरा' म्हणत. वाटेत एकदा तिला पाणी पाजावे लागे. पण कोणी विचारले, की मामा छाती फुगवून सांगत, "गाडी म्हणजे गाडी आहे. एका पैचा त्रास नाही!" ढकलणे हा मामांच्या मते बिघाड नव्हता, तो गाडी चालवण्याचाच एक भाग होता. याउलट माझा मेव्हणा. त्याच्या नव्या गाडीच्या सीटखालून 'टुक' असा आवाज येतो म्हणून तो तीन शनिवार शोरूमला जाऊन बसला होता. दोघांनी सर्व्हेचा फॉर्म भरला असता, तर मामांच्या गाडीला शंभरपैकी शंभर मिळाले असते आणि मेव्हण्याची गाडी नापास झाली असती. फॉर्मवर नाव गाडीचे असते. परीक्षा होते ती स्वभावाची.

त्यातून माणसाच्या डोळ्यांवर नावाची झापडे असतात. अमेरिकेत फ्रीमाँट येथे टोयोटा आणि जनरल मोटर्स यांचा १९८४ पासून भागीदारीत कारखाना होता. तिथे बहुतांशी एकच गाडी दोन नावांनी तयार होई. एकीवर टोयोटा कोरोला असे लिहीत, दुसरीवर जिओ प्रिझम. कारखाना तोच, कामगार तेच. पण जुन्या बाजारात कोरोलाला भाव जास्त. आपल्याकडेही २०१९ पासून मारुतीची बलेनो थोडी वेशभूषा बदलून टोयोटाची ग्लान्झा म्हणून मिळते. एकाच आईची दोन मुले, पण एकाचे आडनाव भारदस्त! आडनावाचा दबदबा परीक्षकांवरही असतो. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' टोयोटाची अगदी नवी गाडी आली, की तिची माहिती गोळा होण्याआधीच घराण्याकडे पाहून शिफारस करीत असे. पुढे त्या घराण्यातल्या काही गाड्या सर्व्हेत घसरल्या, तेव्हा २००७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाहीर केले, की यापुढे माहिती आल्याखेरीज शिफारस नाही. हे वाचून मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. वडिलांचे खाते चांगले म्हणून मुलाला डोळे मिटून कर्ज देणाऱ्या बँकांना हे शहाणपण बरेच पैसे बुडाल्यावर येते.

इतका वेळ अण्णा खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. अण्णा या विषयातले अधिकारी पुरुष. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये त्यांनी तपासनीस म्हणून उभी हयात काढली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. तिथे १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली, १९७२ मध्ये तिचे नाव 'प्रेसिडेंट' झाले आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा तो हाच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी अण्णांनी वर्तमानपत्र दोनदा वाचले आणि चहा गार होऊ दिला.

"अण्णा, तुम्ही सांगा," मेव्हणा म्हणाला, "पद्मिनी भरवशाची होती की नाही?"

"तो प्रश्न चुकीचा आहे," अण्णा म्हणाले. "त्या काळची कुठलीही गाडी कधी ना कधी बंद पडायचीच. पण पद्मिनी बंद पडली, तर कुठल्याही नाक्यावर पान्हा घेऊन कोणीतरी उभा असायचा आणि पार्ट समोरच्या दुकानात मिळायचा. माणूस वेळेवर घरी पोचायचा. भरवसा एकट्या गाडीचा नसतो रे, नाक्याचा असतो."

मग अण्णांनी तक्ता हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि विचारले, "याच्याखाली सही कोणाची आहे?"

"सही?"

"अरे, आम्ही एक दार तपासलं तरी खाली तपासणाऱ्याचा शिक्का पडायचा. उद्या दार वाजलं, तर कोणाला बोलवायचं ते कळायला नको? इथं हजारो लोकांनी शेरे मारलेत आणि शिक्का एकाचाही नाही."

मला आमच्या बँकेचीच आठवण झाली. आमच्याकडे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून सही करायची; पहिला मेकर, दुसरा चेकर. चेकरशिवाय पाच रुपयेही पुढे सरकत नाहीत. या सर्व्हेत सगळे मेकरच! मालक म्हणाला बिघाड, तर बिघाड. तो खरेच गाडीचा होता की उंदराने वायर खाल्ली होती, हे बॉनेट उघडून कोणी पाहत नाही. त्या मानाने २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेले 'भारत एनकॅप'चे तारे बरे. तिथे गाडी आदळून मोजमाप घेतात. आदळताना कसे वाटले, असे कोणी कोणाला विचारत बसत नाही. पण ते तारे अपघातात माणूस वाचण्याचे. रात्री दोनला गाडी सुरू होण्याचे नव्हेत.

अजून एक गोष्ट हे तक्ते सांगत नाहीत, ती आम्हा डोंबिवलीकरांना बसस्टॉपच्या नावावरून ठाऊक आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर कॉलनी म्हणतात, तिथल्या कारखान्यात नव्वदच्या दशकाच्या मध्यावर 'प्यूजो ३०९' ही गाडी तयार होत असे. प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांची ही भागीदारी. म्हणजे डोंबिवलीच्या मातीतली फ्रेंच गाडी! पण ते दशक संपायच्या आत कारखाना थांबला आणि भागीदारीही संपली. आता पॉवर कंपनीची भरवशाची पाहणी होते ती तीन वर्षांच्या आसपास जुन्या झालेल्या गाड्यांची. गाडीला तीन वर्षे होता होता कंपनीच उठून गेली, तर गुण कोणाला द्यायचे? गाडी उत्तम असेलही. पण पार्ट कुठून आणायचा, हा रकाना तक्त्यात नसतो. अण्णा ज्याला नाका म्हणतात, तो हाच.

मग दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर गेलो. मानपाडा रोडच्या गॅरेजमध्ये पाचसात गाड्या पोटे उघडून पडल्या होत्या, त्यांतल्या चार एकाच कंपनीच्या. मेव्हणा लगेच वहीत लिहू लागला, "ही कंपनी बाद." मी म्हटले, "थांब. रस्त्यावर ज्या गाड्या जास्त, त्या गॅरेजमध्येही जास्त येणारच. आमच्या काउंटरवर सर्वांत जास्त भांडणे पेन्शनरांची होतात, कारण रांगेत सर्वांत जास्त पेन्शनरच असतात." गॅरेजवाल्यानेही शहाणपणाची गोष्ट सांगितली. "साहेब, माझ्याकडे येते ती बिघडलेलीच. जी बिघडत नाही, तिची आणि माझी ओळखच नाही."

खरा कागद मला सापडला तो आमच्याच सोसायटीत. तिथे एक गृहस्थ भाड्याची टूरिस्ट गाडी चालवतात. पंधरा वर्षांत त्यांनी तीन गाड्या वापरल्या आणि तिन्हींच्या वह्या ठेवल्या. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे, आणि गाडी किती दिवस उभी राहिली. पान पान मी डोळ्यांखालून घातले. त्यात 'समाधान' हा रकाना नव्हता. 'अपेक्षा' नव्हती. ही रोजकीर्द होती. घडले त्या दिवशी लिहिलेली, वर्षाअखेरीस आठवून भरलेली नव्हे. मी कॅल्क्युलेटर घेऊन दर किलोमीटरला दुरुस्ती किती, याची खतावणी मांडली. बी.कॉम.च्या पदवीचा घरासाठी उपयोग झाल्याचा हा पहिलाच प्रसंग, असे सौ.ने जाहीर केले.

"पण भावोजी, हे सॅम्पल एकाच माणसाचं!" मेव्हणा म्हणाला. आणि त्याचे म्हणणे रास्त होते. तेव्हा आम्ही तह केला. त्याच्या तक्त्यांत जी नावे वर्षानुवर्षे तळाशी दिसत होती, ती खोडली. शंभर लोकांनी सलग पाच वर्षे नाक मुरडले असेल, तर वास येतोच आहे. पहिला नंबर आणि चौथा नंबर यांतला फरक मात्र आम्ही सोडून दिला. शंभर गाड्यांमागे चारदोन तक्रारींचा तो फरक. त्यातला माझ्या एका गाडीच्या वाट्याला येणार तो पैशातला एखादा पैसा. तक्त्यात गुणांपेक्षा नेमका दोष कोणता लिहिला आहे, ते पाहिले. पडदा आणि ब्लूटूथ यांच्या तक्रारी वगळल्या, कारण अण्णांना रात्री दोन वाजता गाणी ऐकायची नव्हती. उरलेल्या नावांतून वह्यांनी एक निवडले, आणि त्याचे पार्ट डोंबिवलीत मिळतात का, ते अण्णांनी स्वतः काठी टेकत जाऊन विचारले.

गाडीला आता सहा महिने झाले. कोणती घेतली, ते मात्र विचारू नका. मी सांगितले, की तुम्ही चार जणांना सांगणार आणि एका कारकुनाच्या एका गाडीचा लगेच सर्व्हे होणार. रात्री दोन वाजता ती सुरू करण्याची वेळ अजून आलेली नाही. तरी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अण्णा गजर लावून उठतात, मला उठवतात, आणि आम्ही दोघे खाली जाऊन ती सुरू करून पाहतो. तारीख, वेळ आणि 'पहिल्या फटक्यात' असा शेरा वहीत लिहिला जातो. मी मेकर, अण्णा चेकर.

परवा सकाळी मी आंघोळीला गेलो असता फोन वाजला. अण्णांनी घेतला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, "सर, आपल्या नवीन गाडीच्या भरवशाबद्दल एक ते दहापैकी किती गुण द्याल?"

"बाळ, हे गुण तपासणार कोण?" अण्णांनी विचारले.

मुलीच्या कागदावर याचे उत्तर नसावे. ती गप्प झाली.

"मग असं कर," अण्णा म्हणाले, "दहा वर्षांनी फोन कर. मी नसलो तर गाडीला विचार, आणि गाडी नसली तर मला विचार."

आमचा नंबर तिने 'प्रतिसाद दिला नाही' या रकान्यात टाकला असणार.